मदत हवी आहे: रिबूट केलं की राऊट (कुठला ट्रॅफिक कुठल्या वाटेने जायचा तो नियम) उडतो, कायमचा कुठे लिहायचा?

रात्रपाळी:
लिनक्स सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं आहेत, १०.२०.०.० चा सगळा ट्रॅफिक दुसऱ्या कार्डावरून १९२.१६८.५.१ ला पाठवायचाय. आयपी राऊट ॲड ही कमांड मारली की लगेच चालतं, रिबूट केलं की गायब. फाइलमध्ये टाकून बघितलं तरी तेच. काल रात्री लाइट गेली, यूपीएस संपला, मशीन परत उठलं आणि सकाळी सातला गोडाऊनमधून फोन की बिलिंग बंद. कुठे लिहायचं तेवढं सांगा, लवकर.

सह्यकडा:
डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कुठलं? व्हर्जन? आणि कुठल्या फाइलमध्ये टाकलंत?

जुनाजाणता:
आरसी डॉट लोकल या स्क्रिप्टमध्ये शेवटच्या एक्झिट झिरोच्या वर ती कमांड टाका, विषय संपला. पंधरा वर्षं हेच करतोय.

टर्मिनलवाला:
नका टाकू. ते बूट होताना एकदाच चालतं. मधेच इंटरफेस (म्हणजे ते कार्ड) डाउन झाला की कर्नल (ओएसचा गाभा) त्याच्यावरचे राऊट काढून टाकतो, परत अप झाल्यावर कोण टाकणार?

जुनाजाणता:
सर्व्हरचं कार्ड डाउन करायला जातंय कोण?

टर्मिनलवाला:
कोणी नेटवर्कची सर्व्हिस रीस्टार्ट केली तरी पुरतं. माझ्याकडे झालंय, दोन तास फायरवॉलच तपासत बसलो होतो.

बोरकूट:
डीएनएस ८.८.८.८ करून बघा, माझं नेट स्लो होतं ते त्याने सुटलं.

दर्यावर्दी:
फ्रीबीएसडी या दुसऱ्या ओएसमध्ये एकच जागा, आरसी डॉट कॉन्फ. स्टॅटिक राऊट्समध्ये नाव द्यायचं, खाली त्या नावाचा राऊट. शक्य असेल तर त्यावरच या.

रात्रपाळी:
नेट स्लो नाहीये आणि ओएस बदलणार नाहीये. उबुंटू २२.०४. नेटप्लॅनच्या (उबुंटूचं नेटवर्क सेटिंगचं टूल) फोल्डरात ५०-क्लाउड-इनिट नावाची फाइल होती, तिच्यातच लिहिलं.

सह्यकडा:
मग मेख तिथेच आहे. ती फाइल क्लाउड-इनिट (मशीनचं सुरुवातीचं सेटिंग करणारं टूल) स्वतः बनवतं, वरच लिहिलेलं असतं बघा की इथले बदल रिबूटनंतर टिकणार नाहीत. तिला हात लावू नका, त्याच फोल्डरात ९९ ने सुरू होणारी नवी यॅमल (सेटिंग लिहायचा फॉरमॅट) फाइल करा. तीत त्याच कार्डाचं नाव, खाली राऊट्स, टू मध्ये १०.२०.०.०/१६ (१६ हा मास्क, म्हणजे नेटवर्क केवढं ते; तुमचा काय तो बघा, तुम्ही दिलाच नाहीये), व्हाया मध्ये गेटवे. नेटप्लॅन दोन्ही फाइली एकत्र करून वाचतं. आणि थेट अप्लाय करू नका, नेटप्लॅन ट्राय मारा, १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनं सेटिंग परत येतं, लांबून लॉगिन असताना त्यानेच वाचाल.

रात्रपाळी:
मास्क १६ च आहे. पण ट्राय एरर देतोय, सहाव्या ओळीवर.

टर्मिनलवाला:
टॅब दिला असेल. यॅमलमध्ये फक्त स्पेस चालतात.

रात्रपाळी:
टॅबच होता. दोनदा रिबूट केलं, राऊट जागेवर आहे, गोडाऊनचं बिलिंग चालू झालं. खूप आभार.

जुनाजाणता:
माझ्याकडे सेंटओएस ७ हे डिस्ट्रो आहे, तिथे आरसी लोकल नको तर कुठे?

सह्यकडा:
सिसकॉन्फिगमधल्या नेटवर्क-स्क्रिप्ट्समध्ये राऊट, डॅश आणि पुढे कार्डाचं नाव अशी फाइल करा. पण सेंटओएस ७ चा सपोर्ट जून २०२४ मध्ये संपलाय, आधी ते मशीन बदला.