गोव्यात दर्जेदार खुराडी तयार करून विकण्याचा छोटा व्यवसाय: सुरुवात कशी करावी?

प्रश्न: डिचोलीचा सुतार

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील एका गावात राहतो. वडील सुतारकाम करत. त्यांची औजारे आणि घरामागची शेड माझ्याकडे आहे, आणि फर्निचरच्या कारखान्यात सहा वर्षे काम केल्यामुळे हातही बसलेला आहे. गेल्या दोन वर्षांत शेजारी व नातेवाईक यांच्यासाठी मी कोंबड्यांची पाच खुराडी तयार केली. ती सर्वांना आवडली, तेव्हा आता नोकरी सोडून हेच काम पूर्णवेळ करावे असा विचार मनात आहे.

अडचण हिशोबाची आहे. दहा कोंबड्यांच्या शेवटच्या खुराड्याला 9,400 रुपयांचे साहित्य लागले, पाच दिवस गेले आणि ते मी 12,000 रुपयांना दिले. बाजारात तयार पिंजरा याच्या जवळपास निम्म्या किमतीत मिळतो, असे गिऱ्हाईक तोंडावर सांगते. कोणत्या मापाचे खुराडे करावे, लाकूड वापरावे की लोखंड, किंमत कशी ठरवावी आणि परवाने कोणते लागतात, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1: सत्तरीची गृहिणी

भाऊ, मी सुतार नाही. परसवात पंधरा वर्षे गावठी कोंबड्या पाळते, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते.

आपण म्हणता तसा निम्म्या किमतीचा पिंजरा मी घेतला होता. हिरवा रंग, षटकोनी जाळी, वर पत्रा, दिसायला अगदी देखणा. दुसऱ्या पावसाळ्यात जुलैमधल्या एका पहाटे आरवणे ऐकू आले नाही म्हणून मागे गेले, तर अकरापैकी पाच कोंबड्या मेलेल्या होत्या. खालच्या कोपऱ्यातले प्लायवुड भिजून बिस्किटासारखे झाले होते आणि तिथले जाळीचे यू-खिळे उपटून जाळी पाकिटाच्या तोंडासारखी उघडलेली होती. आत शिरलेल्या उदमांजराने तिघी मारल्या. उरलेल्या दोघी जाळीला टेकून झोपल्या होत्या, त्यांच्या माना बाहेरूनच ओढलेल्या होत्या. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण जनावराला बाहेर ठेवत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

पुढच्या वर्षी सापाची पाळी आली. नालीदार पत्रा सरळ दांड्यावर ठोकला की प्रत्येक नालीखाली दोन बोटांची फट राहते, आणि तेथून आलेल्या सापाने दोन पिल्ले गिळली. पोट फुगल्यामुळे त्याला आल्या फटीने बाहेर पडता येईना, म्हणून सकाळी तो घरट्याच्या पेटीत वेटोळे करून बसलेला सापडला. मुंगूस, उदमांजर, अजगर या सर्वांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. सापळे लावणे किंवा विजेची तार सोडणे हा मार्ग नव्हे, आणि मला तो पटतही नाही. खुराडेच भक्कम हवे.

आणखी एक विनंती करते. पावसाची झड आत येऊ नये म्हणून लोक खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळतात. मग आत विष्ठेचा वास कोंडतो, डोळे झोंबतात, कोंबड्या शिंकू लागतात, आणि खालचे तूस ओले राहिले की पिल्लांना रक्ती हगवण लागते. छप्पर दोन-अडीच फूट पुढे काढा आणि छपराखाली वरच्या बाजूला जाळीची रुंद पट्टी मोकळी ठेवा, म्हणजे ताडपत्रीची गरजच पडणार नाही. यासाठी मी आनंदाने जास्त पैसे मोजीन.

उत्तर 2: फोंड्याचा जुना कारागीर

ताईंनी लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. मी तीस वर्षे लाकूड आणि फॅब्रिकेशन अशी दोन्ही कामे केली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम माप. दिवसा कोंबड्या परसवात मोकळ्या फिरणार असतील तर रात्रीच्या निवाऱ्याला प्रत्येकी दोन चौरस फूट जागा पुरते. दहा कोंबड्यांना 20 चौरस फूट, म्हणजे 5 फूट बाय 4 फूट. बसण्याच्या दांडीवर प्रत्येकीला आठ इंच लागतात, तेव्हा चार-चार फुटांच्या दोन दांड्या घालाव्यात. अंडी घालण्यासाठी एक फूट बाय एक फुटाच्या तीन पेट्या असाव्यात आणि त्या दांडीपेक्षा खाली असाव्यात, कारण कोंबडीला रात्री उंच जागाच हवी असते आणि पेटी उंच असली की ती तेथेच झोपून अंडी घाण करते. हे एकच माप पक्के करा. मागेल त्याला मागेल तसे करून देऊ लागलात तर प्रत्येक वेळी नवे मोजमाप, नवी कापाकापी आणि वाया गेलेले तुकडे एवढेच पदरात पडेल.

आता जाळी, कारण सगळी किंमत येथेच आहे. अर्ध्या इंची चौकोनी वेल्डेड जाळी घ्या, आणि वेल्डिंग झाल्यावर जस्ताचा मुलामा चढवलेली आहे याची खात्री करून घ्या. आधी मुलामा दिलेल्या तारेची जाळी सांध्यांवर लवकर गंजते. ती नुसत्या खिळ्यांनी ठोकू नका. वरून लाकडी पट्टी लावून स्क्रूने आवळा, म्हणजे नखांना धरायला कडाच सापडत नाही. ताईंनी सांगितलेली पत्र्याखालची फट याच जाळीच्या दुमडलेल्या पट्टीने बंद होते. त्याला अर्धा तास लागतो, पण गिऱ्हाइकाला खुराडे दाखवताना आधी तीच जागा दाखवा. किनाऱ्याजवळच्या गावांत खारी हवा असते, तेथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि बिजागऱ्या वापरणे भागच आहे.

लाकूड की लोखंड, तर माझा कौल लाकडाला आहे. वेल्डिंग केलेल्या जागी पाइपवरचा मुलामा जळून जातो आणि आपल्याकडच्या साधारण 3,000 मिलिमीटर पावसात गंज नेमका तेथूनच सुरू होतो. शिवाय आपला हात लाकडात बसलेला आहे. मत्ती किंवा किंदळ या झाडांच्या लाकडाचा गाभा मिळाला तर उत्तम, सागवानाची आवश्यकता नाही, आंबा मात्र हातात धरू नये, कारण त्याला भुंगा लागतो. प्लायवुड लागेल तेथे आयएस 710 शिक्क्याचे मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारेच घ्या. पाय जमिनीत पुरू नका. ते चिऱ्यावर ठेवा आणि लाकूड व चिरा यांच्यामध्ये पत्र्याची उलटी वाटी घाला, म्हणजे वाळवी चढताना डोळ्यांना दिसते. काजूच्या टरफलांच्या तेलाचा हात बाहेरून द्यावा, मात्र हातमोजे घालून, कारण त्याने कातडी भाजते. जळके इंजिन ऑइल मात्र खुराड्याला लावू नये. कोंबडी चोच मारते आणि ते तिच्या पोटात जाते.

दांड्या सुट्या, उचलून काढता येतील अशा ठेवा. रक्त पिणारे तांबडे गोचीड दिवसा दांडीच्या टोकाशी, खाचेत लपून बसतात आणि रात्री कोंबडीवर चढतात. दांडी उन्हात टाकता आली आणि खाचेत चुना भरता आला तर अर्धे काम होते. याच कारणासाठी मी खुराड्यात बांबू वापरत नाही, त्याच्या फटी आणि पोकळ टोके त्यांना घरासारखी मिळतात.

किमतीविषयी स्पष्ट बोलतो. 12,000 वजा 9,400, उरले 2,600, आणि ते पाच दिवसांचे. म्हणजे आपण स्वतःला दिवसाला 520 रुपये दिले, आणि त्यातच वीज, पाती आणि टेम्पोही आला. आपल्या हाताखाली सुतार ठेवला तर तो एवढ्यात उभा राहील का, हे स्वतःला विचारा. बाजारातल्या पिंजऱ्याशी किमतीत झुंजू नका, ती वस्तूच वेगळी आहे. वेळ कमी करा. फर्मे, म्हणजे मापाचे साचे, बनवा, चार खुराड्यांचे तुकडे एकदम कापा, भोके फर्म्यावर पाडा. एका खुराड्यामागे अडीच दिवसांवर याल. मग दिवसाची मजुरी 1,000 रुपये धरली तरी साहित्यासह 12,000 च्या आतच खर्च बसतो, आणि त्यावर वाहतूक, झीज व नफा धरून 15,000 च्या पुढे किंमत सांगताना जीभ अडखळणार नाही.

चारही भिंती आणि छप्पर सुटे करून नट-बोल्टने जोडण्याची सोय ठेवा. कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, पायवाटेने अखंड खुराडे नेता येत नाही, सुटे भाग मात्र दोन माणसे डोक्यावरून नेतात.

उत्तर 3: म्हापशाचा हिशोबनीस

कागदपत्रांपुरते लिहितो. शेडमध्ये यंत्रे लावून विक्रीसाठी उत्पादन करणार असाल तर ग्रामपंचायतीचा व्यवसाय परवाना आधी घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन व विनाशुल्क होते. वस्तूंची वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण ही सवलत राज्यांतर्गत विक्रीला आहे. डिचोलीहून दोडामार्ग जवळ असला तरी ते महाराष्ट्र राज्य आहे, आणि तेथे पहिले खुराडे विकण्याआधी नोंदणी करावी लागेल. सुतारकाम हे पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांपैकी एक आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या या योजनेत औजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख व नंतर 2 लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते. स्वतःच्या जमिनीतले झाडही 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे सरसकट तोडता येत नाही. तेव्हा लाकूड वखारीतूनच घ्या आणि बिल जपून ठेवा.

विक्रीची वेळही साधा. एप्रिल-मे महिन्यांत, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी चालते त्या दिवसांत, प्रत्येक घर पावसाळ्याची तजवीज करत असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक जोडलेले खुराडे ठेवता आले तर जाहिरातीवर पैसे घालण्याची गरज नाही.

प्रश्नकर्ता: डिचोलीचा सुतार

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. 520 रुपयांचा आकडा वाचून रात्री झोप लागली नाही, कारण मी तो हिशोब कधी मांडलाच नव्हता. नोकरी लगेच सोडत नाही. मे अखेरपर्यंत रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फर्मे तयार करतो आणि एकाच मापाची तीन खुराडी करतो. ती तीन वेगवेगळ्या ठिकाणी एक पूर्ण पावसाळा उभी राहावीत, दर महिन्याला मी येऊन सांधे, स्क्रू आणि पाय तपासावेत, आणि चवथीनंतरच (गणेश चतुर्थीनंतरच) विक्री सुरू करावी, असे ठरवले आहे. ताई, आपली हरकत नसेल तर त्यांतले एक आपल्या परसवात ठेवू का? साहित्याचे पैसेसुद्धा पावसाळा संपल्यावरच द्यावेत. दाराला आत सरकणारी साधी कडी पुरेल की आणखी काही हवे, तेही कळवावे.

उत्तर: सत्तरीची गृहिणी

अवश्य ठेवा. साधी कडी मात्र नको. जनावर दार हलवत राहते आणि कडी हळूहळू सरकते, हे मी पाहिलेले आहे. कडीला कोयंडा असावा आणि त्यात अडकवायला साखळीने बांधलेली खिटी असावी, म्हणजे अंधारात ती हरवणार नाही. शक्य झाल्यास एका पेटीला स्वतंत्र झडप करा. कोंबडी खुडूक बसली की बाकीच्या तिच्याच पेटीत अंडी घालायला घुसतात आणि उबवणीची अंडी फुटतात, म्हणून एकवीस दिवस तिला वेगळे ठेवावे लागते. आज ते मी तुटक्या पाटीखाली करते.

जागा विहिरीच्या पलीकडे, फणसाखाली आहे. तेथे पागोळी पडत नाही, पण नैऋत्येकडून झड येते, तेव्हा बंद भिंत त्या बाजूला येईल असे करा. आणि दार उजवीकडे उघडणारे ठेवा, डाव्या बाजूला विहिरीचा कठडा आहे.