‘साउंड’ला मराठीत काय? ‘अचूक’ चालेल का?

दिग्रसकर: प्रोग्राम अ‍ॅनालिसिसची टिपणं मराठीत करताना ‘साउंड’ आणि ‘प्रिसाइज’ या जोडीवर गाडं अडलं. कोड न चालवता तपासणारं टूल म्हणालं की शून्याने भागाकार होत नाही, आणि खरोखर कुठल्याच इनपुटवर झाला नाही, तर ते साउंड. खोटी ओरड, म्हणजे नसलेला बग दाखवणं, जितकी कमी तितकं प्रिसाइज. मी साउंडला ‘अचूक’ लिहिलं. तपासणाऱ्याने खोडून ‘निर्दोष’ केलं.

धुरकरी: ‘निर्दोष’ नकोच. दोष प्रोग्रामात शोधायचे आणि निर्दोष टूलला म्हणायचं? पण ‘अचूक’ म्हणजे तर प्रिसाइजच ना भाऊ?

जुनं पान: अचूक म्हणजे न चुकणारं. चुकणं म्हणजे मुळात हुकणं. प्राकृतात ‘चुक्क’ आहे. नेम चुकतो, वाट चुकते, सकाळची एसटी चुकते. एकही बग न चुकणं हेच साउंड. प्रिसाइजला ‘नेमकं’ म्हणा.

धुरकरी: व्युत्पत्ती धरून कोण वाचते? हे पाहा. क्ष हा पूर्णांक, −5 ते 5. ‘जर क्ष ≠ 0, तर य = 10/क्ष’. इंटरव्हल डोमेन, म्हणजे किमती ‘इथपासून तिथपर्यंत’ अशा मोजायची पद्धत, फक्त दोन टोकं ध्यानात ठेवते, मधलं 0 तिला कापता येत नाही. अटीच्या आतही क्ष −5 ते 5च राहतो आणि टूल ओरडते. ओरड खोटी, तरी टूल साउंड! आता याला पोरांसमोर ‘अचूक’ म्हणून दाखवा. (−5 ते −1 आणि 1 ते 5 असे दोन तुकडे ठेवले की ओरड थांबते. पण दर अटीला तुकडे दुप्पट होत गेले तर मेमरी पुरत नाही.)

झाडीपट्टी: हमखास निकाल देणारं, साउंड आणि तरी एकही खोटी ओरड न करणारं टूल सगळ्या प्रोग्रामांसाठी होऊच शकत नाही, हे गणितज्ञ राइसच्या 1953 च्या प्रमेयावरून निघते. काहीतरी सोडावंच लागते. जे काहीच सुटू देत नाही ते ‘बेसूट’ म्हणा.

जुनं पान: बेसूट! दुकानदाराने सवलत बंद केल्यासारखं वाटते. वर फारसी ‘बे’ला मराठी शेपूट.

धुरकरी: ‘बेघर’ चालते, मंग ‘बेसूट’ काऊन नाही?

दिग्रसकर: आधी दावा कोणता ते ठरवा. कूसो दांपत्याच्या 1977 च्या अ‍ॅब्स्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशनमध्ये (प्रोग्राम न चालवता किमतींचा ढोबळ अंदाज बांधायची पद्धत) टूल ‘बग नाही’ असा निर्वाळा देते. ओहर्नच्या 2020 च्या इन्करेक्टनेस लॉजिकमध्ये दावा उलटा, ‘बग आहेच’. तिथे दाखवलेला प्रत्येक बग खरा पाहिजे, बाकीचे सुटले तरी ते साउंडच. तिथे बेसूट लिहिलं की अर्थाचा अनर्थ. ‘खऱ्या निर्वाळ्याचं’ कसं वाटते? लांब आहे, पण दोन्हीकडे बसते.

झाडीपट्टी: लांब नाही, लांबलचक. निंदणावरून सांगा ना पोरांना. एकही तण राहिलं नाही, पण चार रोपंही उपटली गेली, हे पहिलं साउंड. उपटलं ते सगळं तणच, पण थोडं मागे राहिलं, हे दुसरं.

धुरकरी: दुसऱ्याला निंदण नाही, डवरणी म्हणा. बैलांचा डवरा तासांमधलं, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढतो, तासातलं ठेवतो.

जुनं पान: आणि बैल तासात घुसला की रोपंही काढतो. म्हणजे तुमचा डवरा दोन्हीकडून गेला.

धुरकरी: तो बैलाचा दोष, डवऱ्याचा नाही. फुलीवर, म्हणजे उभ्या-आडव्या सरळ ओळींत लावलेल्या पऱ्हाटीत (कपाशीत) डवरा आडवा-उभा दोन्ही फिरतो. तरी बुडाशी गवत राहतेच.

दिग्रसकर: राजेहो, टिपणं सोमवारी द्यायची आहेत. सध्या ‘साउंड’च ठेवतो.

जुनं पान: ठेवा, पण मग ‘साउंडपणा’ लिहा. ‘साउंडता’ दिसली तर खोडीन.