मदत हवी आहे: वेकसर्फिंगच्या बोटीत बॅलास्टसाठी कोणता पंप लावावा?

नमस्कार राजेहो, माझं इतवारीत पंप रिपेअरिंगचं दुकान आहे, धाकटा भाऊ टेक्सासला असतो, त्यानं सेकंडहँड इनबोर्ड (इंजिन आत असलेली) बोट घेतली अन् आता वेकसर्फिंगसाठी, म्हणजे बोटीमागं उठणाऱ्या लाटेवर फळीवर उभं राहायच्या खेळासाठी, तिच्यात बॅलास्टच्या (वजन वाढवायच्या) पाण्याच्या बॅगा बसवून राहिला, तर रोज रात्री व्हिडिओ कॉलवर मलाच विचारतो. मागून वजन वाढलं की लाट उंच उठते हे समजलं, तो डावा पाय पुढं ठेवून उभा राहतो म्हणून डावीकडची मागची बॅग मोठी, अन् लाट लांब व्हावी म्हणून थोडं वजन पुढं. पण 600 लिटर म्हणजे सरळ 600 किलो, वरून माणसं वेगळी, बोटीच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेत हे सगळं बसलंच पाहिजे, त्यात मी त्याला अजिबात सूट देणार नाही.

अडलं ते पंपावर. एरेटर पंप (पंख्यानं पाणी फेकणारा) स्वस्त अन् भरभर भरतो, पण हवा धरली की नुसताच फिरतो, त्याला पाण्याच्या पातळीखालीच बसवावं लागतं, अन् उपसायला दुसरा पंप आलाच. रबरी इम्पेलरवाला (आत रबरी पात्यांचं चाक असलेला) उलटासुलटा फिरतो, भरतो पण तोच अन् उपसतो पण तोच, फक्त कोरडा चालला की रबर गेलं. कोणता घ्यावा? अन् पंप बंद केल्यावर सायफननं पाणी आपोआप आत येऊ नये म्हणून व्हेंटेड लूप (वर हवेची झडप असलेला नळीचा वळसा) कुठं अन् किती उंच घ्यायचा?

कोणी मर्चंट नेव्हीत किंवा गोव्याकडं बोटींवर काम केलेलं असेल तर सांगा ना भाऊ, तळाला भोक पाडायच्या आधी पक्कं करायचं आहे.