रजेचा पगार आणि सरसकट रक्कम

"मूल सगळ्यांचं सारखंच, मग बाळासाठी घेतलेल्या रजेचे पैसे पगारानुसार कमी-जास्त का?" हा प्रश्न पटण्यासारखा आहे. पण सगळ्यांना सरसकट एकच रक्कम दिली की घरात ज्याची कमाई जास्त तो रजेवर जातच नाही, आणि तो बहुतेक वेळा बापच असतो.

जर्मनीने दोन्ही करून पाहिलंय. आधी गरजेनुसार महिना साधारण ३०० युरो मिळायचे. २००७ पासून 'एल्टर्नगेल्ड' (पालकांचा रजा-भत्ता) आलं: निव्वळ पगाराच्या सुमारे दोन तृतीयांश, कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १८०० युरो. शिवाय दुसऱ्या पालकानेही रजा घेतली तरच शेवटचे दोन महिने पदरात. त्यानंतर रजा घेणारे बाप खूप वाढले. मात्र ३०० आणि १८०० हे आकडे पुढे वर्षानुवर्षं तसेच राहिले, महागाई काही थांबली नाही. म्हणजे तळातल्यांना जुनेच ३००, तेही आता कमी किमतीचे. माझा आक्षेप इथे आहे.

आपल्याकडे तर वेगळीच तऱ्हा. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाईला २६ आठवडे पूर्ण पगारी रजा, पण ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) बाहेर असलात तर पैसे मालकाच्या खिशातून. मग मुलाखतीत "लग्न कधी?" असं विचारणारच की! आणि शेतमजूर बाईला मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलासाठी ५००० रुपये. तिथे 'पगाराशी जोडा' म्हणायला पगाराची चिठ्ठी तरी कुठे आहे? आधी ती रक्कम वाढवा, आणि नोकरदारांचा खर्च एकट्या मालकावर न टाकता सामायिक निधीतून काढा.