मदत हवी आहे: गोव्यातील मुलीने गोलरक्षक म्हणून व्यावसायिक फुटबॉलकडे वळावे का?

नमस्कार.

आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. माझी मुलगी यंदा हायर सेकंडरीत, बारावी विज्ञान शाखेत शिकते आणि शाळेच्या दिवसांपासून गोलरक्षक म्हणून खेळते. ऑक्टोबर 2022 मध्ये 17 वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे उपांत्य सामने फातोर्ड्याला झाले. तेथे कोलंबिया आणि नायजेरिया यांचा सामना गोलशून्य राहून पेनल्टींवर सुटला आणि कोलंबिया अंतिम फेरीत पोहोचली. त्यानंतर तिने आघाडीला खेळण्याचा विचार सोडून दिला आणि गोलरक्षण हीच आपली जागा मानली. आता बारावीनंतर बाहेरच्या राज्यातील एखाद्या क्लबच्या निवड चाचणीला जाऊन पूर्ण वेळ फुटबॉल खेळावे, अशी तिची इच्छा आहे. तिच्या वडिलांचा विरोध नाही, परंतु निर्णय डोळसपणे व्हावा असे आम्हा दोघांनाही वाटते.

माझी मुख्य काळजी जागेची आहे. बचावपटू प्रसंगी मधल्या फळीत खेळू शकते, मधल्या फळीतील मुलगी आघाडीला जाऊ शकते. गोलात मात्र एकच मुलगी उभी राहते आणि दुसरी हातमोजे घालून बाकावर बसते. त्यातही शिकवणाऱ्यांची अडचण आहे. तिच्या संघाचे प्रशिक्षक मनापासून कष्ट घेतात, परंतु त्यांचे बहुतेक लक्ष इतर दहा जणींवर असते आणि शेवटची काही मिनिटे सर्वांनी हिच्यावर चेंडू मारायचे, एवढेच हिचे प्रशिक्षण होते. पावसाळा सरला की मैदान कडक होते. जांभ्या मातीवर झेप घेऊन कंबरेची आणि कोपरांची कातडी सोलवटते, आणि हातमोज्यांचे लॅटेक्स तर एका हंगामात तळव्याशी फाटून जाते.

दुसरी काळजी उंचीची. ती जेमतेम पाच फूट चार इंच आहे, आणि महिलांसाठीही गोलाची चौकट 7.32 मीटर रुंद व 2.44 मीटर उंच अशीच असते. तिसरी काळजी अर्थातच पोटापाण्याची. महिला लीगमधील खेळाडूंना वर्षाला किमान 3.2 लाख रुपयांचे करार मिळावेत, अशी घोषणा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2023 मध्ये केली होती. अशा घोषणेच्या भरवशावर मुलीचे पदवीचे शिक्षण थांबवणे कितपत योग्य ठरेल? क्लब निवडताना नेमके काय पाहावे, आणि खेळ व शिक्षण दोन्ही चालू ठेवलेल्या कोणी मुली आपल्या पाहण्यात आहेत का? ज्यांनी स्वतः हे केले आहे किंवा मुलींना शिकवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

ताई, नमस्कार. मी सासष्टीत अनेक वर्षे गोलरक्षकांना शिकवत आलो आहे, त्यात मुलीही आहेत. आपण जागेचा प्रश्न आधी मांडलात हे बरे केले, कारण माझ्या मते बाकीचे सारे प्रश्न त्याच्यापुढे दुय्यम आहेत.

इंडियन विमेन्स लीगच्या 2024-25 च्या हंगामात आठ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला 14 सामने आले. म्हणजे देशातील सर्वोच्च लीगमध्ये एका वेळी आठच मुली पहिल्या पसंतीच्या गोलरक्षक होत्या. अठराव्या वर्षी त्या आठांत शिरण्याची घाई करून तिसरी गोलरक्षक म्हणून वर्ष काढण्यापेक्षा खालच्या श्रेणीच्या संघात किंवा गोव्याच्याच महिला लीगमध्ये प्रत्येक सामना पूर्ण खेळणे अधिक मोलाचे आहे. क्रॉसवर, म्हणजे बाजूने गोलासमोर आलेल्या उंच चेंडूवर, केव्हा पुढे यायचे आणि केव्हा रेषेवर थांबायचे, हे सरावात शिकवता येते, पण अंगवळणी पडते ते सामन्यातच. म्हणून क्लबला पहिला प्रश्न पगाराचा विचारू नका. गोलरक्षकांसाठी स्वतंत्र प्रशिक्षक आहे का, तो रोज येतो का आणि संघात आधीच किती गोलरक्षक आहेत, हे आधी विचारा.

या जागेवरची कारकीर्द उशिरा पिकते, आणि शिक्षणाचे उत्तर मला त्यातच दिसते. मणिपूरची गोलरक्षक पंथोई चानू 1996 सालची. भारतीय महिला संघाने जुलै 2025 मध्ये थायलंडला 2-1 असे हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली, तेव्हा ती तिशीला आली होती. इंग्लंडची गोलरक्षक मेरी अर्प्स हिला मधल्या काळात राष्ट्रीय संघात स्थान नव्हते आणि खेळ सोडण्याचा विचारही तिच्या मनात येऊन गेला होता. तिनेच 2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली आणि तिशीत सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान मिळवला. अर्प्स लफबरो विद्यापीठात शिकली. आपली भारताची गोलरक्षक अदिती चौहानही त्याच विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला गेली आणि तेथूनच 2015 मध्ये वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघात पोहोचली. परत येऊन गोकुलम केरळकडून ती लीग जिंकली आणि 2025 मध्ये निवृत्त झाली. आपल्या मुलीच्या हाती अजून दहा-बारा वर्षे आहेत, त्यांतली तीन पदवीला दिल्याने काही बिघडत नाही. पुढे रेल्वे किंवा सशस्त्र सीमा बलासारख्या ठिकाणी खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज करायची वेळ आली, तर पदवी हाताशी असलेली बरी.

उंचीची चिंता मी कमी करेन. बुटक्या गोलरक्षकाने रेषेला चिकटून राहू नये, दोन पावले पुढे येऊन कोन कमी करावा आणि पायांची हालचाल लहान व जलद ठेवावी. शिवाय 2025 च्या जुलैपासून चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ हातात ठेवला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. त्यामुळे चेंडू पटकन आणि अचूक फेकणारी, दोन्ही पायांनी खेळणारी मुलगी आज प्रशिक्षकांना हवी असते. या गोष्टी उंचीवर अवलंबून नाहीत.

कडक मैदानावर झेपेचा सराव उभ्याने सुरू करू नये. आधी गुडघ्यावर बसून, मग उकिडवे बसून, आणि जमिनीला मांडीची बाजू, कंबर, खांदा या क्रमाने टेकवत उतरायला शिकवावे. कोपर आधी टेकले तर खांदा दुखावतो. हातमोजे खेळण्याआधी किंचित ओले करावेत, नंतर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत. सामन्याची जोडी सरावात वापरू नये. आणि गुडघ्याच्या बाबतीत कृपया हयगय नको. एसीएलची, म्हणजे गुडघ्यातील अस्थिबंधाची, दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक आढळते. फिफाचा 11+ हा वीसेक मिनिटांचा सराव त्यासाठीच आखलेला आहे, तो तिने घरच्या अंगणातही करावा.

करार हाती आला की मुदत नीट वाचा. हंगाम काही महिन्यांचाच असतो, तेव्हा पैसे बारा महिन्यांचे आहेत की हंगामापुरते, शस्त्रक्रियेची वेळ आल्यास खर्च कोण करणार आणि दुखापतीच्या काळात मानधन चालू राहणार का, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर मुलीला परराज्यात पाठवू नका.

धागाकर्ती

सर, आपण इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. पदवीला गोव्यातच प्रवेश घ्यावा आणि इथल्या लीगमध्ये खेळावे, असे आज तिच्याशी बोलणे झाले, आणि तिलाही ते पटले आहे. एकच विचारते: डिचोली, म्हापसा किंवा फोंडा या भागांत आठवड्यातून दोन दिवस तरी मुलींच्या गोलरक्षणाचा स्वतंत्र सराव घेणारे कोणी असल्यास कृपया इथे कळवावे. संध्याकाळच्या कदंब बसने ये-जा होईल इतके जवळ असले, तर आम्ही लगेच सुरू करू.