कलाशिक्षकांना वर्गातल्या उपक्रमांसाठी थेट अनुदान मिळावं का?

रंगपेटी:
अनुदानित माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. यंदा सातवीकडून गावातल्या जुन्या वाड्यांच्या दारांवरचं नक्षीकाम शाडूत उठावात करून घ्यायचं ठरवलं. माती, फळ्या, गेरू धरून खर्च साडेचार हजार. शाळेत विचारलं तर उत्तर आलं, "वेतनेतर अनुदान (पगार सोडून बाकी खर्चासाठीचे सरकारी पैसे) येऊ द्या, मग बघू." ते आलं की आधी वीजबिल, मग गळकं छप्पर. चित्रकला कायम शेपटाला. म्हणून म्हणतो, उपक्रमाचा कागद बघून पाच-दहा हजार थेट शिक्षकाच्या हाती द्यावेत.

खडूफळा:
सर, तुम्ही निदान आहात तरी! आमची जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा, पट ८६. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या खर्चासाठी मिळणारं संयुक्त अनुदान या पटाला २५ हजार, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेला. शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, आहे, पण सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच. म्हणजे आम्हाला माणूसच नाही. तुमच्या योजनेत ज्यांच्याकडे शिक्षक आहे त्यांनाच पैसे मिळणार. आधी माणूस द्या, मग माती.

रंगपेटी:
माणूस हवाच, वादच नाही. पण तो येईपर्यंत आहे त्याने रिकाम्या हातांनी बसायचं का?

माजी_मुख्याध्यापक:
हातात पैसे दिलेत की फाईल आलीच. तीन दरपत्रकं, पक्की बिलं, पैसे ठरल्या कामालाच लागल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र. कुंभार जीएसटीचं बिल देणार आहे का? शेवटी शिक्षक तालुक्याच्या दुकानातून पोस्टर कलरच्या बाटल्या घेतो, कारण त्यांचं बिल मिळतं. असल्या बाटल्यांनी भरलेलं कपाट मी स्वतः सांभाळलंय. पैसे शाळेच्या खात्यातच बरे, निदान जबाबदारी एकाची राहते.

सातवीची_आई:
दहावीला चित्रकलेच्या सरकारी इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेचे ज्यादा गुण मिळतात, 'अ' श्रेणीला ७. पालक चित्रकलेबद्दल विचारतात ते तेवढंच, मीही त्यातलीच! त्या परीक्षेत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. उठावकाम कुठे बसतं? आठवड्याला दोन तासिका, त्यात चिखल कालवायचा की सराव करायचा?

रंगपेटी:
ताई, दारावरचं कमळ मातीत उठवलेल्या मुलाला संकल्पचित्रात नक्षी कुठून आणू हा प्रश्न पडत नाही, हे मी वर्गात पाहिलंय. गुणांसाठी गिरवलेली फुलं मात्र सगळ्यांची सारखीच निघतात.

माजी मुख्याध्यापकांचा मुद्दा खरा आहे, तिथे माझी बाजू लंगडी पडते. खात्यावर शाळेचंच नाव राहू दे. पण रक्कम त्या उपक्रमासाठीच राखलेली असावी आणि पाच हजारांच्या आतल्या खर्चाला कुंभाराच्या सहीची साधी पावती चालावी.

माजी_मुख्याध्यापक:
साध्या पावतीवर लेखापरीक्षक आक्षेप काढतो. काढतोच.

रंगपेटी:
काढू दे. शाडू भिजत घातलीय, पदरमोड करून. सोमवारी इतिहासाच्या बाईंनी त्यांची तासिका दिलीय, त्यामुळे दोन जोडून मिळतात.