डकटेल्स: चंद्रावरची धून तेव्हा खरंच संथ होती का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. जरा मागून सुरुवात करतो, नाहीतर प्रश्न नीट कळायचा नाही.

मिरजेला आमच्या घरी १९९६ च्या दिवाळीत टीव्ही गेम आला. त्याच्याबरोबर नारिंगी पिस्तूल आणि दोन कॅसेट. एकीत ढीगभर गेम होते, दुसरीत फक्त डकटेल्स. दूरदर्शनवर रविवारी हिंदीतून लागायचं ते डकटेल्स आम्ही दोघं भाऊ तोंड न धुता बघायचो, त्यामुळे त्यातला म्हातारा बदक अंकल स्क्रूज आपल्या हातात आलाय हेच आधी खरं वाटेना. ढिगाची कॅसेट लवकरच मागे पडली.

ज्यांनी खेळलाय त्यांना तो पोगो आठवत असेल. उडी मारायची आणि हवेत असतानाच खालचं बटण आणि बी एकदम दाबून धरायचं. मग स्क्रूज काठीवर उभा राहून टुणटुणत जातो, काट्यांवरून, साप-कोळ्यांच्या डोक्यावरून. अंगठा सुटला की संपलं. दादाच्या डाव्या अंगठ्याला त्या बटणाच्या कडेचा वळ उमटलेला असायचा, जेवतानाही दिसायचा.

अॅमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतली खाण, हिमालय आणि चंद्र. पाच जागा, हवी तिथून सुरुवात करा. आम्ही अडकायचो ते खाणीत. काहीतरी इंग्रजीत लिहून यायचं. आम्ही मराठी शाळेतले, तेव्हा इंग्रजी पाचवीपासून, मी पाचवीत आणि दादा सातवीत. अक्षरं लावता यायची, अर्थ नाही. वडील संध्याकाळी उशिरा यायचे, तोवर गेम बंद झालेला असायचा. त्या खाणीतून आम्ही कधीच पार झालो नाही.

आणि चंद्र. चंद्रावरची ती धून. दादानं एकदा स्क्रूजला चंद्रावर एका सुरक्षित कोपऱ्यात उभं केलं, टीव्हीच्या स्पीकरला टेपरेकॉर्डर टेकवला, मला श्वाससुद्धा हळू घ्यायला सांगितलं आणि ती धून टेप केली. मध्येच आईच्या कुकरची शिट्टी आहे त्यात. ती टेप अजून माझ्याकडे आहे.

गेल्या महिन्यात संगणकावर 'द डिस्ने आफ्टरनून कलेक्शन' घेतलं. कॅपकॉम कंपनीचे सहा जुने गेम आहेत त्यात, डकटेल्स धरून. लेक नऊ वर्षांची आहे, तिच्याबरोबर खेळावं म्हणून. चालू केलं आणि काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. सगळं घाईत चाललंय. माझा अंगठा ज्या अंदाजानं खाली जातो त्याच्या आधीच स्क्रूज जमिनीवर आलेला असतो. चंद्रावरची धून तर ओळखीची असूनही पळतेय. तिचा तो उसासा टाकल्यासारखा भाग आहे ना, तो श्वास घेण्याआधीच निघून जातो.

टेप लावली. टेपवर ती संथ आहे. पण टेप २९ वर्षांची, प्लेअरही जुना, त्यामुळे तो पुरावा धरावा की नाही कळत नाही. तर विचारायचं असं, की आमच्याकडे गेम खरोखर संथ चालायचा, की मला तसा आठवतोय?

दुसरं, २०१३ चं 'रीमास्टर्ड', म्हणजे याच गेमची नव्यानं केलेली आवृत्ती, लेकीसाठी घ्यावी का?

---

निळीशाई

लहानपणचं अंगण मोठं आठवतं तसं हेही असावं असं वाटतं. मी हा गेम नंतर कधी खेळले नाही, पण कॉमिक्स वाचत आलेय, म्हणून एक सांगते. हिमालयात जो मुकुट मिळतो तो चंगीझ खानाचा. कार्ल बार्क्स यांच्या १९५६ च्या अंकल स्क्रूजच्या एका गोष्टीतून तो आलाय. स्क्रूजच मुळात बार्क्सचा, १९४७ चा. मालिका १९८७ ची आणि गेम १९८९ चा. म्हणजे तुम्ही दोघं ज्या मुकुटामागे लागला होतात, तो तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी कागदावर शोधून झाला होता. लेकीला ती गोष्टही वाचायला द्या, बर्फातली चित्रं फार सुंदर आहेत.

एक शंका. टीव्हीला जोडून खेळत असाल तर टीव्हीचा 'गेम मोड' चालू आहे का? नवे टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतात. बटण दाबल्यावर उशिरा उमटतं, आणि मग गेमच आपल्यापुढे पळतोय असं वाटतं.

---

पिक्चरट्यूब

बटणाचा उशीर त्यातून कळेल, पण धून का पळतेय ते नाही कळणार. कृष्णाकाठ, तुमची आठवण बरोबर आहे. मी वीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, टीव्ही गेमही पुष्कळ उघडले, म्हणून खात्रीनं सांगतो.

हा गेम जपान आणि अमेरिकेसाठी बनला. तिकडची टीव्हीची पद्धत एनटीएससी, म्हणजे सेकंदाला ६० वेळा पडदा रंगतो. आपल्याकडे पाल, म्हणजे ५० वेळा. त्या काळचे गेम घड्याळ बघून चालत नसत, पडदा बघून चालत. पडदा एकदा रंगला की स्क्रूज एक पाऊल पुढे, संगीतही एक पाऊल पुढे. आपल्याकडे विकली जाणारी यंत्रं म्हणजे निन्टेंडो कंपनीच्या यंत्राच्या नकला, आपल्या टीव्हीवर चालाव्यात म्हणून ५० च्या बनवलेल्या, आणि आतला गेम मात्र ६० चा, तसाच्या तसा. त्यामुळे तिकडे जे ५० सेकंदांत व्हायचं त्याला आपल्याकडे ६० सेकंद लागायचे. उडीही तशीच, गाणंही तसंच.

आता टेपचं. टेप बिघडून संथ झाली की आणखी कशी, हे ओळखायला सोपी खूण आहे. टेप हळू फिरत असेल तर लय पडते आणि सूरही उतरतो. ६० चं ५० होण्याइतकी हळू फिरली तर पेटीवर तीन पट्ट्या खाली जाईल. पण यंत्रच संथ असेल तर लय पडते, सूर जवळजवळ जागेवर राहतो. कारण सूर ठरतो चिपच्या ठोक्यांवर, पडद्यावर नाही. निन्टेंडोच्या मूळ एनटीएससी यंत्रात सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोके, आणि या नकली यंत्रांत सुमारे १७.७ लाख. फरक केसाएवढा. गंमत अशी की निन्टेंडोच्या स्वतःच्या युरोपातल्या पाल यंत्रात ठोके १६.६ लाख होते. त्यामुळे जो ६० चा गेम त्यावर जसाच्या तसा चालवला जाई तो संथही व्हायचा आणि पट्टीभर उतरायचाही. त्या बाबतीत आपलं नकली यंत्र अस्सलपेक्षा सुरेल.

घरी पेटी असेल तर दोन्ही ऐकून सूर लावून बघा आणि इथे सांगा.

---

अनघा_निपाणी

मी तुम्हा सगळ्यांपेक्षा लहान, त्यामुळे या गेमकडे उलट्या वाटेनं आले. २०१४ चा 'शवल नाइट' खेळले, त्यातला शूर शिपाई फावड्यावर टुणटुणतो, मग कळलं की हे डकटेल्सकडून घेतलेलं आहे. तो बनवणारे लोक आधी वेफॉरवर्ड या गेम कंपनीत होते, आणि 'डकटेल्स रीमास्टर्ड' वेफॉरवर्डनंच केलं.

रीमास्टर्ड मी दोनदा पूर्ण केलंय. चित्रं हातानं काढलेली, मालिकेतून उचलून आणल्यासारखी. मालिकेत स्क्रूजला आवाज देणाऱ्या अॅलन यंग यांनीच इथेही तो स्वतः दिलाय, तेव्हा ते ९३ वर्षांचे होते, आणि आवाजात तोच खट्याळ म्हातारा आहे. एवढ्यासाठीसुद्धा घ्यावं. पण मूळ गेमची मजा म्हणजे तुम्ही सुटता, धावता, लपलेले हिरे शोधता, वेळ संपत आलेली असते. रीमास्टर्डमध्ये सारखं थांबवून बोलतात, आणि आठ नाणी गोळा करा, अमुक तुकडे आणा, त्याशिवाय पुढे सोडत नाहीत. मला ते खटकतं. नऊ वर्षांच्या मुलीला आधी मूळ द्या, त्यातही रिवाइंडचं बटण आहेच. मग रीमास्टर्ड. आणि त्यात 'हार्ड पोगो' नक्की चालू करा, नाहीतर नुसत्या एका बटणावर पोगो होतो आणि ते खालचं बटण दाबायची गरजच उरत नाही.

खाणीचं सांगते. खाणीची किल्ली खाणीत नाहीच. ती ट्रान्सिल्व्हेनियात आहे. आधी तिकडे जायचं.

---

कृष्णाकाठ

अनघा, ते शेवटचं वाक्य वाचून मी पाच मिनिटं नुसता बसलो. किल्ली ट्रान्सिल्व्हेनियात. आम्ही अख्खी एक मे महिन्याची सुट्टी त्या खाणीच्या भिंतींवर काठ्या मारण्यात घालवली होती. इंग्रजीतलं ते लिहिलेलं हेच होतं तर.

पिक्चरट्यूब, पेटीचं केलं. आईची पेटी आहे, आमच्या मिरजेतच दुरुस्त करून घेतलेली, सुरात. काल रात्री आईलाच बसवलं. तिला ७१ वं लागलंय, कान अजून तिखट. आधी संगणकावरची धून ऐकवली. तिनं दोन-तीनदा ऐकून पहिल्या ओळीचे सूर पेटीवर काढले आणि बोट तिथेच ठेवून म्हणाली, "आता दुसरं लाव." टेप लावली. तिनं बोट हलवलं नाही. जरा वेळ ऐकून म्हणाली, "सूर तोच आहे रे. किंचित, अगदी किंचित खाली. पण हे विलंबित आहे." मग कुकरची शिट्टी आली आणि ती एकदम माझ्याकडे बघायला लागली. ही टेप आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. "आपल्या जुन्या घरातला कुकर हा," म्हणाली.

त्यानंतर वेळ मोजला. धुनीचा एक फेरा, दोन्हीकडे दहा-दहा वेळा. टेपवरचा फेरा १.१९ पट लांब. तुमच्या हिशेबानं १.२ यायला हवा. माझ्या अंगठ्यानं स्टॉपवॉच दाबायची चूक धरली तर बरोबर तोच.

दादा मस्कतला असतो. त्याला रात्रीच फोन केला. आधी किल्लीचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ट्रान्सिल्व्हेनियात कुठे?"

आता एकच. तो संथपणा परत आणता येईल का?

---

पिक्चरट्यूब

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. किंचित खाली म्हणाल्या, ते १७.९ आणि १७.७ मधलं अंतर आहे. टक्क्याहूनही कमी. एवढं कानानं पकडणारे फार थोडे.

हो, येईल. कलेक्शनमध्ये नाही, पण चांगल्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये, रीजन (कुठल्या पद्धतीचं यंत्र हवं ते) निवडायची सोय असते. एनटीएससी आणि पालच्या खाली 'डेंडी' असं लिहिलेलं दिसेल. डेंडी हे रशियात विकलं गेलेलं याच जातीचं नकली यंत्र, त्यावरून ते नाव पडलं. ५० चा पडदा आणि न उतरलेला सूर, दोन्ही त्यात मिळतं. जुनी कॅसेट जपून ठेवली असेल तर तिच्या पिना इरेजरनं हलक्या हातानं पुसा. फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजतात.

---

कृष्णाकाठ

डेंडी लावलं. पहिल्याच उडीला अंगठा बरोबर वेळेवर खाली गेला. काही ठरवून नाही, आपोआप.

लेकीनं ट्रान्सिल्व्हेनिया निवडला. मला वाटलं भुतांना घाबरेल, पण तिला ते आरसे आवडले, एकात शिरलं की भलत्याच खोलीत बाहेर पडायचं. एका ठिकाणी स्क्रूजचा पुतण्या भेटला आणि इंग्रजीत काही म्हणाला. मी सवयीनं बटण दाबून पुढे जाणार होतो. ती म्हणाली, "बाबा, थांबा ना, वाचू द्या." आणि तिनं वाचून दाखवलं. इथे जवळच एक भासाची भिंत आहे, म्हणाली. तिच्यातून आरपार जाता येतं. मग तिनं स्क्रूजला एकेका भिंतीवर नेऊन आपटायला सुरुवात केली. चौथ्या भिंतीतून तो पलीकडे गेला.

किल्ली मिळाली आहे. खाणीत मात्र अजून गेलेलो नाही. दादा गणपतीला येतोय, तोवर थांबायचं असं तिघांनी ठरवलंय.